वांग्याचा काही दोष नव्हता

धायरी, पुणे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होतो, पण विषय काढला की आई "आमसुलाचं पाणी लाव" म्हणते आणि बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहितोय. दीड वर्ष अंगावर जे उठतंय, त्याचं कारण सापडलं. वांगं नाही, पित्त नाही, दृष्टही नाही. आमच्या बिल्डिंगशेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं गाजरगवत!

मी काय काय बंद केलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आठवडाभर बरं वाटायचं, मग दुपटीने उसळायचं. त्यात स्टेरॉइड होतं, हे आत्ता कळलं. आताच्या डॉक्टरीणबाईंनी आधी शर्ट काढायला लावला. छाती-पाठ स्वच्छ, मान, कोपराची लवण, पापण्या, कानामागे मात्र काळपट, जाड कातडी. मी म्हटलं, उन्हाने असेल. त्या म्हणाल्या, "हनुवटीखाली आणि कानामागे ऊन पोचत नाही, वारा पोचतो." मग विचारलं, पावसाळ्यात वाढतं का? दोन्ही वर्षी गणपतीत आरतीला उभा राहून मान खाजवत होतो, ते तेव्हा आठवलं.

कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पॅच टेस्ट केली. सोमवारी पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. तोवर पाठीला पाणी नाही, तेही एप्रिलच्या उकाड्यात. सुनबाई लांबच बसत होती. एवढ्या ठिपक्यांत गाजरगवताचा एकच लालभडक फुगला.

आता फिरून आलो की लगेच अंघोळ, आणि कपडे गॅलरीत न वाळवता आत. प्लॉट साफ करून घ्यायला सोसायटीच्या मागे लागलोय. तिथे मला कोणी विचारत नाही, ते सोडा.

बाबा, तुमच्या लहानपणी रेशनवर अमेरिकन गहू यायचा ना? त्याच्यासोबतच हे गवत आलं म्हणतात, आणि आपल्याकडे ते पहिल्यांदा लक्षात आलं पुण्यातच, १९५५ साली. पण खरं विचारायचंय ते वेगळंच. तुम्ही परसातलं हेच गवत उघड्या हातांनी उपटता. आणि दर पावसाळ्यात तुमची मान काळवंडते, त्याला तुम्ही "शेतातलं ऊन" म्हणता. पावसाळ्यात कसलं ऊन, बाबा? आरशात हनुवटीखाली बघा. नाहीतर आईला कानामागे बघायला सांगा. तिथेही तसंच असेल तर मला कळवा, मी इथे नंबर लावतो. तोवर गवताला हात लावू नका. गड्याला सांगा, तेही फुलं धरायच्या आत, आणि त्याला हातमोजे, पूर्ण बाहीचा शर्ट द्या.

आई, शेवंतीही त्याच कुळातली निघाली, तेव्हा यंदा हार तूच ओव. रविवारी येतोय. भरली वांगी कर. दीड वर्षाची बाकी आहे.

तुमचा,
बंडू