दोघं एकदम नको

छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्रीचे ११

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी कट केला. रेंज गेली नव्हती. आईने तुला रेंजचं सांगितलं ते तुला पटलं नसणारच. विमानाचं लायसन्स हातात धरलेला तुझा फोटो मी दुपारी वर्कशॉपच्या जुन्या ग्रुपवर टाकला होता, चाळीस जणांनी अंगठे दिले. आणि संध्याकाळी तू म्हणालीस, पहिला पॅसेंजर दादा. मग मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण म्हणणं तेच आहे. तू खुशाल उड. दादाला उडायचं तर दुसऱ्या कुणाबरोबर उडू दे. दोघं एकदम नको.

एवढं एकच लिहायचं होतं. आता हा विषय पुन्हा काढणार नाही.

तू फ्रान्सला, ल माँला गेलीस तेव्हा मी ते गाव नकाशात शोधलं होतं (आई अजून 'लेमन' म्हणते). आधी मोटारींची ती चोवीस तासांची शर्यत सापडली, तिच्यामागून विमानवाल्या राइट बंधूंमधला थोरला, विल्बर राइट सापडला, आणि गेलं वर्षभर मी त्याच्यातच आहे. त्या घरची पत्रं, त्यांच्या बापाची रोजनिशी, सगळं वाचायला मिळतं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. रिटायर माणसाला दुसरं काम काय.

१९०८ मध्ये हा माणूस तुझ्या गावी एकटाच आला. विमान खोक्यांत भरून वर्षभर आधीच ल हाव्र बंदरात येऊन पडलं होतं. लेआँ बोले नावाच्या मोटारवाल्यानं आपल्या कारखान्यात जागा दिली. तिथे खोकी उघडली तर फासळ्या मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेले. विल्बरनं धाकट्या भावाला, ऑर्विलला, सणसणीत पत्र लिहिलं, माल भरायची ही काय पद्धत म्हणून. नंतर कळलं की त्यानं नीटच भरलं होतं, कस्टमच्या लोकांनी उघडून पाहिलं आणि कसंही परत कोंबलं. मला विजूकाका आणि ती ट्रंक आठवली. तो अजून म्हणतो, काच माझ्यामुळे फुटली नाही. आता वाटतं, नसेलही.

कारखान्यातल्या कामगारांना याची भाषा कळेना, याला त्यांची. बरीचशी जुळणी त्यानं स्वतःच्या हातानं केली. ४ जुलैला इंजिन चालवून बघत होता, तर रेडिएटरचा होज निसटला आणि उकळतं पाणी डाव्या हातावर, कुशीवर. मंजू, हे मी तीनदा वाचलं. माझ्या डाव्या हातावरच्या चट्ट्याला तू लहानपणी 'बाबांचा नकाशा' म्हणायचीस. एक क्लिप, अर्धा फेरा कमी आवळलेली, बस. माझी गाडी तरी पिटवर उभी होती, शेजारी हेल्पर होता, त्यानं ओढून बाजूला घेतलं. वर आकाशात असं काही झालं तर शेजारी कोण? दादा. आणि दादाला कोण ओढणार?

बघ, परत तिकडेच आलो.

हात पुरता बरा नसताना ८ ऑगस्टला, शनिवारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो उडाला. उनॉदिएरचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. तू म्हणालीस ना, शर्यतीच्या त्या लांबलचक सरळ रस्त्याला हेच नाव आहे? अंगात कोट, ताठ कॉलर, डोक्यावर टोपी, जणू बँकेत निघालाय. तिकडची वर्तमानपत्रं त्याला उघड थापाड्या म्हणत होती. बघणाऱ्यांत ब्लेरिओ होता, जो पुढच्या वर्षी इंग्लिश खाडी ओलांडणार होता. उड्डाण किती? १ मिनिट ४५ सेकंद. दोन चकरा मारून अलगद खाली. आपल्या चौकातला सिग्नल यापेक्षा जास्त वेळ घेतो. पण फ्रेंच विमानं तोवर वळायची ती बैलगाडी वळावी तशी, सपाट आणि भीत भीत. यानं पंखांची टोकं तारांनी पिळून विमान एका अंगावर कलतं केलं आणि घारीसारखं वळवलं. समजणारे समजले की आपण किती मागे आहोत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळं गाव बघायला उत्सुक, आणि हा म्हणे रविवारी उडणार नाही. बाप बिशप, घरची रीत. समुद्रापलीकडे बघायला कोण येणार होतं? तरी पाळली. आम्ही तुला असं काय पाळायला सांगतो गं? उपास नको, सोवळं नको, लग्नाचं तर मी आईला बोलूच देत नाही. एक गोष्ट मागितली. बरं, राहू दे. हे टोमण्यासारखं झालं, तसं म्हणायचं नव्हतं.

त्या बापाचं नाव मिल्टन. दोन्ही मुलांना त्याचं एक सांगणं होतं, दोघांनी एका विमानात बसायचं नाही. एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्यानं काम पुढे न्यावं म्हणून, असं लोक लिहितात. मला नाही पटत. काम गेलं चुलीत. समोरच्या घरात दोन फोटोंना एकच हार घालतात ते तू पाहिलंयस. त्या काकू आता दारात रांगोळी काढत नाहीत.

आणि त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, तिकडे अमेरिकेत फोर्ट मायरला ऑर्विल सैन्याच्या अधिकाऱ्यांना विमान दाखवत होता. पंख्याचं पातं तडकलं, शेपटीच्या तारेत गेलं, विमान नाकावर पडलं. शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. इंजिनच्या विमानाच्या अपघातात जीव गेलेला तो पहिला माणूस. ऑर्विलची मांडी मोडली, बरगड्या मोडल्या. त्यांची बहीण कॅथरीन शाळेतली नोकरी टाकून दवाखान्यात जाऊन बसली, किती आठवडे. विल्बर तेव्हा तुझ्या गावाजवळच्या ओव्हूरच्या लष्करी मैदानावर होता. बातमी कळल्यावर त्या दिवशी त्यानं विमान बाहेर काढलं नाही. बहिणीला लिहिलेल्या पत्रात स्वतःलाच दोष देत बसला, की मी तिथे असतो तर हे घडू दिलं नसतं. आणि २१ तारखेला गर्दीसमोर दीड तास उडाला. मला हे काळीज समजत नाही. पण सेल्फ्रिजच्या जागेवर त्या दिवशी विल्बर बसलेला असता तर? एवढंच मी तुला फोनवर सांगत होतो. सांगताना आवाज चढला.

उडायच्या आधी सगळं स्वतः हात लावून बघ. मेकॅनिक 'झालं' म्हणाला की झालं असं धरू नकोस. मी एकतीस वर्षं 'झालं साहेब' म्हणत आलोय, त्यात काय काय असतं ते मला माहीत आहे. टाकीत काडी घालून तेल बघ, काट्यावर जाऊ नकोस. आदल्या रात्री जागरण नको. दादाला घाई असते, त्याच्या घाईनं निघू नकोस, आणि त्याला कशालाही हात लावू देऊ नकोस, व्हीसीआरचं काय केलं होतं आठवतं ना. पोटात काहीतरी असू दे. माफ कर. परीक्षा तू पास झालीस, मी नाही. तुमच्या क्लबमधल्यांना हे सगळं माझ्या आधी सुचलेलं असणार.

खरं तर दोष माझाच. स्कूटरवर पुढे तू उभी, मागे दादा, आणि चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीपाशी मी तुम्हाला संध्याकाळची विमानं दाखवायला न्यायचो. डबल ड्यूटी करून आलो तरी न्यायचो. आवाज आला की दादा माझ्या शर्टात तोंड खुपसायचा. तू नाही. तू हात वर करायचीस, जणू ते तुझ्यासाठीच थांबणार आहे. त्या मिल्टननंही १८७८ साली मुलांना एक खेळणं आणून दिलं होतं, रबर पिळून सोडलं की छताला जाऊन आपटणारं. दोघं भाऊ मोठेपणी सांगायचे की वेड तिथून लागलं.

आणखी एक सापडलं. १९११ च्या जानेवारीत तुमच्या फ्रान्सचाच एक वैमानिक, ज्युलेरो, ब्रिस्टल कंपनीचं विमान घेऊन आपल्या औरंगाबादला आला होता, घोडदळाच्या कवायतींना. ब्रँकर नावाच्या कॅप्टनला सोबत बसवून टेहळणी केली. म्हणजे आपल्या पणज्यांपैकी कुणीतरी मान वर करून ते पाहिलं असेल. कुणी मला कसं सांगितलं नाही कधी?

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. काल दादाचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, तुम्ही तिला अर्धीच गोष्ट सांगताय. २५ मे १९१०, त्यांच्या डेटन गावाजवळचं कुरण. त्या दिवशी बापानंच परवानगी दिली आणि दोघं भाऊ एका विमानात बसले. सहा-साडेसहा मिनिटं. पुढे पुन्हा कधी बसले नाहीत, हे दादानं सांगितलं नाही, ते मी सांगतो. पण त्याच दिवशी ऑर्विलनं बापाला वर नेलं. ८१ वर्षांचा म्हातारा, आयुष्यात पहिल्यांदा. पोरगा घाबरलेला, बापाला काही होईल म्हणून. आणि बाप त्याच्या कानाशी वाकून ओरडतोय, आणखी वर, आणखी वर.

दोन वर्षांनी विल्बर गेला. ४५ वर्षांचा. टायफॉइडनं, घरी, अंथरुणात. एवढी विमानं, एवढे देश, आणि टायफॉइड. हे वाचल्यापासून रात्री मला नीट झोप नाही.

दादा शनिवारी येतोय ना? तुमचे सकाळचे दहा म्हणजे आमचे किती, ते आईला नीट लिहून दे, मागच्या वेळी तिनं उलटं मोजलं. उतरलात की आधी फोन. फोटो मग.

तुझा
बाबा

ता. क. परवा भांडणाच्या मध्येच तू विचारलंस, बाबा, तुमचं वजन किती? मला वाटलं, चेष्टा करतेस. म्हणूनच कट केला. लहान विमानात प्रत्येकाचं वजन हिशोबात धरावं लागतं, हे दादानं काल सांगितलं. तो बोले शंभर किलोंच्या पुढचा होता, त्यालाही विल्बरनं वर नेलं होतं. आज दळण आणायला गेलो तेव्हा गिरणीच्या काट्यावर उभा राहिलो. ७१ किलो ५०० ग्रॅम, चपलांसकट. आईनं तिचं सांगू दिलं नाही.