फाइलच्या पाठीवर तुम्ही लिहिलेलं साल

सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. २०१६ साली परळला टाटाच्या डे-केअरमध्ये दर पंधरा दिवसांनी किमोला येणारी कराडकडची मुलगी मी. वय २३, हॉजकिन लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, मानेपासून छातीपर्यंत गाठी. आई आणि मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. एकाच टोचणीत तुम्हाला माझी शीर सापडायची, हे आई अजून सगळ्यांना सांगते.

त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र एका दुपारबद्दल आहे.

सहा सायकल म्हणजे बारा किमो संपल्या, पाठोपाठ मानेवरचं आणि छातीवरचं रेडिएशनही झालं. घरात पेढे वाटायची गडबड, आणि माझी झोप मात्र उडालेली. औषधं चालू होती तोवर पाठीशी कुणीतरी होतं. ती थांबली आणि मी उघड्यावर आले. साधी शिंक आली तरी रात्रभर मान चाचपत बसायची. किमोनं प्रतिकारशक्ती जाळली, आता दुसरा कॅन्सर होणार, एवढंच डोक्यात. गावाकडच्या एका डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "बरी झालीस ना? मग नसते विचार कशाला?" त्यानंतर मी कुणाला विचारलंच नाही. मावशीनं गुळवेलीचा काढा सुरू केला, तो मुकाट्यानं पीत राहिले.

फॉलोअपला आले तेव्हा तुमची ड्यूटी संपली होती, हातात डबा होता. माझं तोंड बघून तुम्ही बाकावर बसलात.

आधी माझ्या दोन भीती तुम्ही वेगळ्या केल्यात. किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा १००.४ ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, थेट कॅज्युअल्टीत यायचं, हे मला पाठ होतं. पण त्या पेशी परत भरून येतात, हे माझ्याच सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, कागद एकाखाली एक मांडून, आकड्यांवर बोट ठेवत तुम्ही दाखवलंत. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी लवकर वाढतात, लिम्फोसाइट नावाच्या पेशींना महिने लागतात. फ्लूची लस घे, जिवंत विषाणूंची कुठलीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काढा यकृताला बाधू शकतो, तो बंद. सर्दीला घाबरू नकोस. पण गाठ राहिली, रात्री कपडे भिजवणारा घाम आला, उगाच वजन घटलं, तर तारखेची वाट न बघता ये.

दुसऱ्या भीतीला तुम्ही "काही होत नाही गं" म्हणाला नाहीत. म्हणालात, "धोका आहे. तरुणपणी छातीवर किरण घेतलेल्या मुलींना पुढं स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून तुझी तपासणी चाळिशीपर्यंत थांबवायची नाही." मग आत जाऊन डॉक्टरांना विचारून आलात आणि फाइलच्या पाठीवर लिहिलंत: आठ वर्षांनी, २०२४, एमआरआय आणि मॅमोग्राम, मग दरवर्षी. त्याखाली थायरॉईड, वर्षातून एकदा. किमोतलं लाल औषध हृदयाला बाधू शकतं, ते घेतलंय म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

सिस्टर, खरं ऐकून मला त्या रात्री धर्मशाळेत गाढ झोप लागली. आईनं दोनदा उठून माझा श्वास बघितला म्हणे.

२०१९ मध्ये थायरॉईड मंदावल्याचं त्या वार्षिक तपासणीतच कळलं. सकाळी एक गोळी, बाकी काही नाही. २०२४ उजाडलं तेव्हा भीती वाटलीच, एमआरआयच्या त्या ठकठक आवाजात मी तुमचं अक्षर आठवत पडून होते. रिपोर्ट चांगला आला. पुढच्या वर्षीचाही.

डे-केअरमध्ये तुमची चौकशी केली, तर तुम्ही आता तिथं नाही म्हणाले. फाइलचा तो पुठ्ठा चिरला होता, मी चिकटपट्टीनं जोडलाय. तुमच्या २०२४ खाली पुढची सालं मी लिहीत जाते. आईनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. कुठं पाठवू, तेवढं कळवा.

तुमची,
खाट नंबर सातची मुलगी