पाचवी बाटली

पुणे,
4 मे 2025

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि आता लिहितो आहे ते कबुलीजबाब म्हणून, हे आधीच सांगून टाकतो. आपण दोघे मिळून एकेक करून उघडत आलो त्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या, 2010 सालच्या द्राक्षांच्या लाल वाइनची पाचवी बाटली मी उघडली. तुझ्याविना, ठरलेल्या दिवाळीच्या सहा महिने आधी, काल रात्री. आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे आणि माझी साखर आटोक्यात आहे, तेव्हा त्या विषयावर शाई दवडत नाही.

एप्रिलमध्ये आम्ही तीन आठवडे गुहागरला होतो. आंब्याच्या दोन पेट्या घेऊन परतलो, तर स्वयंपाकघराशेजारच्या कोपऱ्यातून येणारी ती ओळखीची घरघर ऐकू येईना. आपला वाइनचा फ्रिज बंद पडला होता, आणि तू आत ठेवलेला तो पितळी तापमापक तेरा अंशांच्या जागी चौतीस दाखवत होता. बाहेर पारा चाळिशीपार आणि घराची दारेखिडक्या बंद. बारा वर्षे तळहातावर जपलेल्या बाटल्या मी शेवटी भट्टीत ठेवल्या, असेच म्हण. दुरुस्तीवाला कॉम्प्रेसर गेल्याचे सांगून, चहा पिऊन गेला. (फ्रिजच्या तुझ्या निम्म्या वाट्यातले सहाशे रुपये अजून येणे आहेत, हेही त्या निमित्ताने आठवले.)

वाइन तापली की फुगते आणि बुचाला वर रेटते. पाचव्या बाटलीचे बूच ज्वारीच्या दाण्याएवढे वर आले होते, त्यावरचे वेष्टण चिकटून बसल्यामुळे फिरवता फिरत नव्हते आणि मानेवरून एक तांबडा ओघळ लेबलापर्यंत उतरून वाळला होता. सहावीचे बूच मात्र जागेवर आहे, वेष्टण सहज फिरते आणि आतली पातळीही होती तेवढीच आहे. एकदा सैल झालेल्या बुचाची बाटली पुन्हा निवते तेव्हा बाहेरची हवा आत ओढते, म्हणजे पाचवी दिवाळीपर्यंत तग धरणार नव्हती. तुला फोन करायला हवा होता. केला नाही, कारण तू 'थांब, मी येतो' म्हणाला असतास आणि नेहमीप्रमाणे आला नसतास.

एक दिवस बाटली उभी ठेवून गाळ तळाशी बसू दिला आणि मग मेणबत्तीच्या उजेडात मानेकडे डोळे लावून, तू शिकवलेस तसे, एका धारेत ओतले. शेवटचे दोन बोटे काळपट पाणी बाटलीतच राहिले. पेल्यातला रंग मध्यभागी अजून माणकासारखा होता, पण कडेला तो स्पष्ट विटकरी झाला होता. रंगद्रव्ये आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन बसतात, हे आपण इतक्यांदा एकमेकांना समजावले आहे, तरी प्रत्यक्ष पाहताना मला गहिवरून आले. तुरटपणा उरला होता, पण तो हिरड्याचा राहिलेला नव्हता. चांगल्या भाजक्या सुपारीचा, जिभेवर येऊन लगेच विरणारा. वासाला आधी खजूर आणि सुके अंजीर, मग आमच्या आजोबांच्या चंचीतला तंबाखू, आणि अर्ध्या तासाने पावसाळ्यात माळ्यावरून काढलेली चामड्याची बॅग. तुझ्या वहिनीने नाक लावून सांगितले, की अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांचा वास येतो, आणि ती पुन्हा आंबे चोखायला निघून गेली.

दिगंबर, ती अप्रतिम होती. आणि नेमके तेच मला झोपू देईना.

म्हणून रात्री एक वाजता, दर बाटलीची चव टिपून ठेवायची आपली वही काढली. 2015 च्या पानावर आपले ते प्रसिद्ध भांडण आहे: तू 'जांभूळ' लिहिलेस, मी 'करवंद', आणि बोर्दोच्या लोकांनी दोन्ही कधी पाहिलेले नाही, ते काळ्या करंट नावाच्या तिकडच्या बोरीएवढ्या फळाचे नाव घेतात, यावर आपण दोघेही बिथरून रात्री बारापर्यंत वाद घातला. रंग शाईसारखा, पेल्याआडून बोटे दिसत नव्हती. 2010 चा मेदोकमधला, म्हणजे बोर्दोच्या त्या भागातला, उन्हाळा कोरडा पण रात्री गार होत्या, त्यामुळे द्राक्षांत टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर आले. '2009 लाघवी, 2010 ताठ मानेची, हिला वेळ द्यावा लागेल' हे तुझेच अक्षर. 2017 मध्ये तिच्यातल्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची ढोबळ्या मिरचीसारखी चव मला लागली, तुला नाही. मेर्लो या दुसऱ्या द्राक्षामुळे ती मऊ झाली आहे की पिंपाच्या लाकडामुळे, हाही वाद झाला. 2019 मध्ये मात्र दोघांनीही, एकमेकांचे न पाहता, 'शिसपेन्सिल तासल्याचा वास' लिहिले, आणि त्या पानावर तुझी तर्रीही सांडली आहे.

मग 2022. त्या पानावर माझ्या बाजूला फक्त 'काही नाही' एवढेच आहे. आदल्या वर्षीच्या आजारपणात माझे नाक गेले होते आणि परत आले तेव्हा फोडणीला जळक्या रबराचा वास यायचा, हे तुला ठाऊक आहे. तू तुझ्या बाजूला लिहिलेस: 'ही गप्प बसली आहे. अशा वाइन मध्येच काही वर्षे मिटून घेतात.' मिटून घेतात हे खरेच आहे, जाणते लोकही तेच सांगतात. पण तू ते वाइनबद्दल लिहिलेस, की मला सांभाळून घेण्यासाठी? तीन वर्षे हा प्रश्न मी गिळून बसलो आहे. तुझ्या स्वभावात असले औदार्य सहसा नसते, म्हणून तर शंका येते.

आता माझी अडचण बघ. खजूर आणि अंजीर हा मुरलेल्या वाइनचा वास असतो, तसाच शिजलेल्या वाइनचाही असतो. दर दहा अंशांना रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो असा तुझा आवडता हिशेब लावला, तर वीस अंशांना चौपट, म्हणजे तीन आठवड्यांत तीन महिने. पंधरा वर्षांपुढे ते काहीच नाही, असे म्हणून मी क्षणभर सुखावलो. पण सगळ्या क्रिया सारख्या पटीने धावत नाहीत, उष्णतेने नको त्याच पुढे पळतात, म्हणून तर तापवून वाइन मुरवता येत नाही. मुरंबा उन्हात मुरतो आणि विस्तवावर करपतो, दोन्हीला गोड वास येतो. तंबाखू आणि चामडे हे नुसत्या उष्णतेने तीन आठवड्यांत येणार नाही, असे माझे मत आहे. पण हे मत ज्या नाकाच्या भरवशावर आहे त्याची साक्ष कोर्टात टिकणार नाही. बाटलीतले उरलेले मी आज दुपारी पुन्हा चाखले, तर फळ ओसरलेले आणि मागे कडवट, सपाट असे काही. रात्रभराच्या हवेने जुन्या वाइनचे असे होतेच. की ते कालही होते आणि मला कळले नाही?

सहावी बाटली त्याच भट्टीतून गेली आहे. सध्या ती शेजारच्या जोशीकाकूंच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी आहे. तो कप्पाही तिला फार गार आणि तिथले बूच कोरडे पडेल, म्हणून ही सोय महिनाभराची समज. काकूंनी 'हे औषध कशावर' असे विचारले, मी 'सांधेदुखीवर' म्हणालो आणि आता त्या चमचाभर मागत आहेत.

गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे चैत्रालीकडून समजले, अभिनंदन. नवे घर लागले का? बंगळुरूच्या पाण्याचा त्रास कमी झाला असेल अशी आशा आहे. वहिनींना नमस्कार.

महिनाअखेरीस ये. नाक तुझे, पेला माझा, आणि 2022 चे पान समोर ठेवून खरे सांगायचे. बाटली एक दिवस आधी उभी करावी लागेल आणि काकूंची दुपारची झोप मोडता येत नाही, तेव्हा तारीख निदान तीन दिवस अगोदर कळव. सहाशे रुपये आणलेस तर नकार देणार नाही.

तुझा,
श्रीधर