अलेक्झांड्रिया एका दिवसात उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी-नाताळच्या सुट्टीतल्या इजिप्त सहलींच्या जाहिराती आता रत्नागिरी-चिपळुणातही झळकतात. त्यात अलेक्झांड्रियाच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. कैरोहून अंतर सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे बसने जाऊन-येऊन सहा तास गेलेच. उरलेल्या वेळात कोम अश-शुकाफाची भुयारी थडगी, पाँपीचा म्हणून दाखवला जाणारा (उभारला मात्र डायोक्लेशियन बादशहासाठी!) स्तंभ आणि कैतबे किल्ला एवढेच पदरात पडते. २००२ साली उघडलेल्या ग्रंथालयाचा फोटो रस्त्यावरूनच. २००५ पासून बंद असलेले ग्रीक-रोमन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा उघडले, त्याचे तर नावही नसते.

दोन रात्री तरी ठेवाव्यात. कैरोच्या रामसेस स्थानकातून रेल्वेने गेल्यास मुक्काम शहराच्या पूर्वेला असेल तर सिदी गाबरला उतरावे, जुन्या भागात असेल तर शेवटच्या मिस्र स्थानकावर. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला मरियूत सरोवर, मध्ये हे लांबच लांब शहर. नकाशावर जवळ दिसणारे हॉटेल तासाभरावर निघते. टॅक्सीचे भाडे बसण्याआधीच ठरवावे. मिनीबसला तिथे ‘मशरूअ’ म्हणतात. तिच्यात पैसे हातोहात पुढे जातात, म्हणून सुटे हवेत.

आकड्यांत मराठी माणूस हमखास फसतो. तिथला पोकळ गोल म्हणजे शून्य नव्हे, पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. मासळीच्या हॉटेलात हे फार नडते, कारण मासा बर्फावरून निवडायचा, भाव किलोवर आणि भाजण्या-तळण्याचे पैसे बहुधा निराळे. ‘बूरी’ म्हणजे आपल्या बोय-शेवट्याच्या जातीचा मासा. तो गव्हाच्या कोंड्यात घोळवून निखाऱ्यावर भाजतात. त्याला ‘रद्दा’ म्हणायचे. करपलेले साल सोडून आतला गर खायचा. शाकाहाऱ्यांनी कोशरी मागावी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा.

पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो. वादळांना ‘नव्वा’ म्हणतात आणि स्थानिकांकडे त्यांची नावानिशी जंत्रीच असते. नोव्हेंबरातल्या एकीचे नाव ‘मकनसा’, म्हणजे केरसुणी. नाताळात जाणाऱ्यांनी छत्री न्यावी. उलट जुलै-ऑगस्टात निम्मे कैरो तिथल्या वाळूवर असते, शुक्रवारी तर विचारूच नका.

शेवटी समुद्राविषयी. भूमध्य समुद्रात तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. पाणी मागे हटताना दिसत नाही, म्हणून समुद्र मवाळ वाटतो. पण बाहेर खेचणारी ओढ लाटांमुळे तयार होते, तिला ओहोटीची गरज नसते. पश्चिमेकडच्या अगमी भागातला नखील किनारा बुडण्याच्या घटनांमुळेच कुप्रसिद्ध आहे. काळा बावटा दिसला तर पाण्यात उतरू नये, आणि जिथे जीवरक्षक नाही तिथे बावटा नसला तरी उतरू नये.

– एक वाचक, रत्नागिरी