पोच्या आधीची अमेरिकी भयकथा

मा. संपादक,

अमेरिकी भयकथेची ओळख एडगर ॲलन पोपासून करून देण्याची रीत पडली आहे. त्यात चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन या कादंबरीकारावर अन्याय होतो. त्याची ‘वीलँड’ ही कादंबरी १७९८ची, म्हणजे पोच्या जन्माआधी ११ वर्षांची. अमेरिकेत युरोपी भयकथांतले पडके किल्ले नव्हते, जुने मठ नव्हते. मग भय ठेवायचे कुठे? ब्राउनने ते फिलाडेल्फियाजवळच्या एका सुखवस्तू घरात आणि माणसाच्या कानात ठेवले. थिओडोर वीलँडला देवाची आज्ञा ऐकू येते आणि तो बायको-मुलांना मारतो. आवाज फेकण्यात तरबेज असलेला कार्विन काही आवाज आपले होते हे कबूल करतो, हत्येची आज्ञा मात्र नाकारतो. ब्राउन ही गाठ पुरती सोडवत नाही. सारांशात ‘सगळे शब्दभ्रमकाराचे कारस्थान’ असे लिहिले की कादंबरीचा प्राणच जातो.

दुसरी चूक ‘रोमान्स’ या शब्दाच्या भाषांतराची. अमेरिकी लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न १८५१मध्ये ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या आपल्या कादंबरीला ‘रोमान्स’ म्हणतो, ते प्रेमकथा म्हणून नव्हे. संभाव्यतेच्या काटेकोर बंधनातून सूट, पण मानवी हृदयाच्या सत्याशी इमान, हा त्याने प्रस्तावनेत दिलेला अर्थ. त्याचा पूर्वज मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या १६९२च्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश होता. कादंबरीतल्या शापाची मुळे तिथे आहेत. मराठीत ‘अद्भुतकथा’ हा शब्द त्यामानाने जवळचा. ‘प्रणयकथा’ कृपया नको.

– एक वाचक, नाशिक