करवंट्या आपल्या, कोळसा परगावचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात घरच्या पाण्याच्या फिल्टरमधील कार्ट्रिज बदलल्यावर जुने कुतूहलाने कापून पाहिले, तेव्हा आतून जाड्या रव्याएवढे काळे, टणक दाणे निघाले. वेष्टनावर ‘नारळाच्या करवंटीपासून’ असे छापलेले होते आणि माल तमिळनाडूतला होता. त्याच वेळी आमच्या परसात करट्यांचा ढीग न्हाणीच्या चुलीत जाण्यासाठी रचून ठेवलेला होता.

कोक, लोणारी कोळसा, काजळी ही कार्बनची अस्फटिकी रूपे आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. वास्तविक आपले दैनिक छापणारी काळी शाई काजळीचीच असते आणि टायरच्या रबराला चिवटपणाही तिच्यामुळेच येतो. करवंटीची गोष्ट मात्र आम्हा बागायतदारांच्या अधिक जवळची आहे. ती हवा कोंडून जाळली की कोळसा होतो आणि तो ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेच्या झोतात तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम सक्रिय कोळशाचे आतले पृष्ठफळ १००० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते. लाकडाच्या कोळशापेक्षा हा कठीण आणि बारीक छिद्रांचा असल्याने पाण्यातला क्लोरीन व वास तो चांगला शोषतो, आणि घुसळणीत फारसा झिजत नसल्यामुळे खनिजाच्या सायनाइडयुक्त द्रावणातून सोने टिपून घेण्यासाठीही वापरला जातो. अर्थात विरघळलेले मीठ त्याला धरता येत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरींवर हा उपाय नव्हे.

सक्रिय कोळशाचा कारखाना गावोगावी निघणार नाही, हे मलाही कळते. पण त्याचा कच्चा माल असलेला साधा कोळसा येथे सहज होऊ शकतो. तीन-चार किलो करवंटीतून किलोभर कोळसा मिळतो. मी पत्र्याच्या पिंपात प्रयोग केला, तेव्हा झाकण लावायला उशीर झाल्याने पहिल्या खेपेस निम्मी राखच हाती आली आणि धुरामुळे शेजाऱ्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. दुसरी खेप साधली, कोळसा खणखणीत वाजला, परंतु पोतेभर मालासाठी कोणी व्यापारी वेंगुर्ल्यापर्यंत येत नाही. म्हणून मंगल कार्यालये, खानावळी आणि देवस्थाने येथील करवंट्या एकत्र करून तालुक्याला एक धूर आवरणारी सामाईक भट्टी उभारावी, आणि भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने व नारळ विकास मंडळाने तिचे प्रात्यक्षिक गावात येऊन दाखवावे, अशी विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी, करट्या कोरड्या असतानाच ते ठरल्यास माझे पिंप आणि परसातला ढीग दोन्ही हजर आहेत.

आपला,
एक नारळ बागायतदार
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग