कॉलर माईकच्या सदोष दुरुस्तीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वायरलेस माईकच्या कनेक्टरची निकृष्ट दुरुस्ती व सुटे भाग नाकारल्याबाबत

महोदय,

इंदूरच्या आमच्या शाळेने आपल्या कंपनीचे कॉलर माईकचे संच नाटकांसाठी घेतले आहेत. बिल, सर्व्हिस सेंटरची पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. त्यातल्या दोन संचांची दुरुस्ती आपल्या अधिकृत सेंटरकडून करून घेतली, पैसे भरले आणि दुखणं जिथल्या तिथे राहिलं.

दुखणं काय, तर पात्र जागेवर उभं असेपर्यंत आवाज छान. ते वाकलं, वळलं की खरखर सुरू, आणि मधूनच स्पीकरमधून धाडकन दणका. अहिल्योत्सवातल्या आमच्या नाटकात भर दरबारात अहिल्याबाईंचाच आवाज गेला. मुलगी धीराची, तिने आवाज चढवून प्रवेश निभावला. मागच्या रांगांना काय ऐकू गेलं असेल ते असो.

सेंटरला देण्याआधी आम्ही माईक अदलून-बदलून पाहिले होते. एका संचात चांगला माईक लावला तरी खरखर होते, म्हणजे दोष बॉडीपॅकच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या ट्रान्समीटरच्या, सॉकेटमध्ये. दुसऱ्यात माईकच्या वायरचा चार पिनांचा मिनी एक्सएलआर प्लग सैल झालेला. हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं. तरी पहिला पॅक ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत आला. घोडं इथेच पेंड खातं! टेबलावर ठेवलेल्या पॅकमध्ये दोष आढळणार कसा? तो कमरेला बांधून, प्लग हलवत तपासायला हवा. या माईकच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाला, लागणारा व्होल्टेज पॅककडून त्याच पिनांमधून येतो. संपर्क क्षणभर तुटून पुन्हा जुळला की तो दणका बसतो. हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगावं असं नाही.

दुसऱ्या संचाची दुरुस्ती तर फोटोत पाहाच. प्लगच्या आत वायर पकडून ठेवणारा चिमटा असतो आणि मागे रबराची शेपटी. चिमटा गायब, शेपटी कापलेली, आणि मोकळ्या जागेत गरम गोंद ओतलेला. म्हणजे वायरला बसणारा प्रत्येक हिसका थेट डागावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर. ही वायर केसासारखी बारीक, त्यात मुलं घामाघूम होऊन घाईघाईत पोशाख बदलतात. डाग किती टिकणार? दुसऱ्याच तालमीला तो सुटला. आता गोंद खरवडल्याशिवाय तिथे कुणाला हातही घालता येत नाही.

जेल रोडवरच्या एका कारीगराने पहिला पॅक उघडून बोर्डावर सॉकेटच्या पायाशी तडकलेला डाग भिंगाखाली दाखवला. आतल्या पिनाही झिजल्या आहेत. तो म्हणाला, “मॅडम, सॉकेट आणून द्या, बसवून देतो.” म्हणून सॉकेट मागायला आपल्या सेंटरला फोन केला, तर उत्तर मिळालं की सुटा भाग विकत नाही, नवा पॅक घ्या. एका सॉकेटपायी अख्खा चालू पॅक कचऱ्यात टाका, हा सल्ला शाळेला परवडणारा नाही आणि पटणाराही नाही. वस्तू दुरुस्त करता यावी म्हणून ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, ते आपल्याला ठाऊक असेलच.

तेव्हा दोन्ही संच आपल्या खर्चाने नेऊन नीट दुरुस्त करून द्यावेत. प्लग नवा हवा, चिमट्यासकट. ते जमत नसेल तर दुरुस्तीचे पैसे परत करावेत आणि सॉकेट व प्लग पिनांच्या जोडणीच्या आकृतीसह विकत द्यावेत, बाकीचं आमचं आम्ही पाहू. ‘वापरामुळे झालेली झीज’ हे कारण कृपया पुढे करू नये. झीज झाली म्हणूनच दुरुस्तीला दिलं होतं, फुकट मागितलं नव्हतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 वर तक्रार नोंदवू, आणि गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. स्नेहसंमेलनाच्या तालमी तोंडावर आल्या आहेत, त्यामुळे फार थांबता येणार नाही.

संच न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी शाळेच्या कार्यालयात कळवावं. माईकच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि दुपारनंतर मी तालमीच्या हॉलमध्ये असते.

आपली,
नाट्यविभाग प्रमुख
(शाळेचा शिक्का)
इंदूर